गेस्टवरची नऊ पोरं

"बाई, तुमची पोरं मागं न्या."

मोठे गुरुजी हे हळू आवाजात म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं. शाळेच्या फाटकात गाड्या थांबल्या होत्या. आम्हाला बारा टॅब देणाऱ्या संस्थेची माणसं बघायला आली होती. पोरींच्या हातात ओवाळणीची ताटं, शाळा समितीचे अध्यक्ष कडक टोपीत पुढे. आणि मी टॅब पुसून, चार्ज करून, एकेका बाकावर मांडून नुकतीच दारात उभी राहिले होते.

तुमची पोरं म्हणजे कोपीवरची, झोपड्यांतली पोरं. ऊस तोडायला आलेल्या टोळीची. नऊ होती. त्या दिवशी नऊच्या नऊ आली होती, कारण आज खाऊ मिळणार आहे असं मीच त्यांना सांगितलं होतं.

"मागं म्हणजे कुठं?" मी विचारलं.

"खिचडीच्या शेडमधी. तासाभराचा तर प्रश्न हाये."

अध्यक्ष जवळ आले. वाईट माणूस नाही. बागायतदार, गोड बोलणारा, शाळेच्या कामाला कधी मागे न राहणारा. म्हणाले, "राग नका मानू बाई. ती पोरं तुमचंच ऐकत्यात. तुमच्यातलीच हायेत, म्हणून म्हणलं."

मागे कुणीतरी हसलं. मी नाही म्हटलं नाही. मी गेले. पोरांना ओळीत घेतलं, ती गप्प बसावीत म्हणून एक टॅब काखेत मारला, आणि शाळेच्या मागे गेले. माझ्या हाताने मांडलेल्या वर्गात दुसऱ्या बाई टाळ्या घेत होत्या. त्या टाळ्या शेडमध्ये ऐकू येत होत्या.

तुमच्यातलीच. खोटं काय आहे त्यात? माझे आईबाप आष्टीकडून इकडे तोडीला यायचे. एक साल पारगावच्या बाजूला, एक साल येडगावकडे, मुकादम नेईल तिकडे. नोकरी लागून या गावात आले तेव्हा मीच हे अभिमानाने सांगितलं होतं. वाटलं, लोक म्हणतील, शिकली पोरगी. लोक तसं म्हणाले पण. आणि पुढच्या वेळी वापरायला ते जपूनही ठेवलं.

आता टॅब कसा चालतो ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. प्रत्येक मुलाचं नाव त्यात घालायचं. मग टॅब त्याला आधी थोडे प्रश्न विचारतो आणि त्याला जिथपर्यंत येतं तिथून पुढे शिकवतो. मागे राहिलेल्याला मागचं, पुढे गेलेल्याला पुढचं. रोज कुठे थांबलो ते लक्षात ठेवतो. गुरुजींच्या टॅबवर सगळ्या शाळेचा एक रंग दिसतो. मुलं पुढे गेली की हिरवा, अडकली की पिवळा, नंतर लाल. हा रंग वरपर्यंत दिसतो.

टोळी दिवाळीनंतर आली तेव्हा मी विचारलं होतं, यांची नावं घालू का? गुरुजी म्हणाले, "येडं का काय तुमी? एप्रिलमधी जाणार ती. आपला हिरवा रंग घालवू नका. गेस्टवर बसवा, खेळू द्या."

गेस्ट म्हणजे नाव नसलेल्यासाठी केलेली जागा. त्यात काहीही शिका, दुसऱ्या दिवशी कोरं. मला हे माहीत होतं. टॅब सगळ्यात आधी मीच शिकले होते, बाकीच्यांना मीच शिकवला होता. तरी मी त्यांना गेस्टवर बसवलं. म्हटलं, निदान हाताळतील तरी. नंतर मी ते विसरूनही गेले. पट, खिचडी, सर्वेक्षण, सभा. दमलेल्या माणसाला विसरायला वेळ लागत नाही.

शेडमध्ये मी टॅब कोमलच्या हातात दिला. नऊ वर्षांची, तिसरीत बसणारी, टोळीतल्या एका जोडप्याची थोरली मुलगी. पाठीवर धाकट्याला घेऊन यायची. बिबट्याची भीती म्हणून सगळी पोरं एकत्र यायची, पुढे ती. तिने टॅब उघडला. पडद्यावर आंबे आले. किती आंबे? चार. किती आंबे? सात. पहिलीचा पहिला पाठ.

माझं डोकं आधीच तापलेलं. गुरुजींवर निघाला नाही तो राग तिच्यावर निघाला.

"महिना झाला कोमल! अजून आंबेच मोजतेस? डोक्यात काय भरलंय, पाचट?"

शब्द तोंडातून गेले आणि मला ते ओळखीचे वाटले. हे वाक्य माझं नव्हतं. मी तिच्याएवढी असताना एका गुरुजींनी ते मला म्हटलं होतं. दर सालाला नवं गाव, नवी शाळा, दाराजवळची जागा आणि पाटीवर पुन्हा पहिल्यापासून अ. मला धडे वाचता येत होते. कुणी विचारलं नाही म्हणून मी अ गिरवत होते. त्यांनी पाटी उचलून वर्गाला दाखवली, म्हणाले, हिच्या डोक्यात पाचट भरलंय. उसाचा वाळलेला पाला. वर्ग हसला. मी पण हसले होते, सगळे हसतात म्हणून.

कोमल हसली नाही. रडलीही नाही. धाकट्याला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं आणि सरळ सांगितलं.

"बाई, म्या रोज लई पुढं जाते. भागाकारापर्यंत जाते. सकाळी त्यो परत आंबेच देतो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"वाटलं, आमाला एवढंच असतंय."

मी शेडच्या कट्ट्यावर बसले. खिचडीवाल्या मावशींनी पाणी दिलं. या पोरीने महिनाभर रोज सकाळी आंब्यांपासून सुरुवात करून भागाकार गाठला होता. रोज. आणि रोज मी तो पुसू दिला होता. गुरुजींनी सांगितलं हे खरं, पण बोट माझं होतं. मला लाज वाटली. आयुष्यात इतकी कधी वाटली नव्हती, त्या पाटीच्या दिवशीसुद्धा नाही.

मी तिची माफी मागितली. तिला त्याचं काय करायचं ते कळलं नाही.

मग तिथेच टॅबवर तिचं नाव घातलं. वडलांचं नाव, इयत्ता, गाव. ती म्हणाली, "गाव कंचं लिवायचं? कोपीचं का आमचं?" मी म्हटलं, तुझं. प्रश्न सुटले. तिला टॅबने चौथीच्या गणितात बसवलं. पुढे वर्गात टाळ्या चालूच होत्या. मी दुसऱ्या पोराला बोलावलं.

आठवडाभरात नऊ नावं झाली. सगळीच कोमल नव्हती. दोघांना अक्षरही येत नव्हतं, एक जण टॅब दिसला की उलटा धरायचा. मशीनचं कौतुक मी सांगत नाही. चार्जिंग उतरतं, नेट जातं, पोरं पडद्याला चिकटतात आणि वही विसरतात. पण त्या मशीनने कोण कुणाचा ते बघून कुणाला मागं बसवलं नाही. काय येतं ते विचारलं. माझ्या लहानपणी एवढं विचारणारं कुणी भेटलं नाही.

शाळेचा रंग पिवळा झाला.

ऑफिसात बोलावणं आलं. गुरुजी, अध्यक्ष आणि चहा. "नावं काढा बाई," गुरुजी म्हणाले. "गेस्टवर घ्या परत. पोरांना काय फरक पडतोय?"

"कोमलला विचारा," मी म्हटलं.

अध्यक्षांनी कप खाली ठेवला. "आमी तुमाला कदी परकं मानलं का? गावानं मान दिला. आन तुमी गावाची शाळा खाली आनताय. त्या चार म्हयन्याच्या पोरांसाठी?"

"मी पण चार महिन्यांचीच होते," मी म्हटलं. "नावं मी घातली आहेत. मी काढणार नाही."

"मग पासवर्ड द्या," गुरुजी म्हणाले. तो त्यांच्याकडे नव्हता. कधी शिकलेच नव्हते.

"देते. लेखी मागा. कशासाठी पाहिजे तेही लिहा. नऊ मुलांची नावं काढण्यासाठी, असं लिहा आणि खाली सही करा."

मी टेबलावर कोरा कागद ठेवला. आमच्याकडे सगळं तोंडी चालतं. पोरं मागं न्या, तोंडी. गेस्टवर बसवा, तोंडी. इतक्या वर्षांत माझा अपमान एकदाही कुणी कागदावर केला नव्हता. गुरुजींनी पेन हातात घेतलं. टोपण काढलं. परत लावलं. अध्यक्ष म्हणाले, "जाऊ द्या आता. बघू."

पण त्यांनी जाऊ दिलं नाही. टॅब दुरुस्तीच्या नावाखाली कपाटात गेले, किल्ली गुरुजींच्या खिशात. गावातल्या आया मला फाटकात अडवून म्हणाल्या, तुमच्यापायी आमच्या लेकरांचे टॅब बंद झाले. ते मला सगळ्यात जास्त लागलं, कारण ते खरं होतं. मग संस्थेचा फोन आला, टॅब वापरात का दिसत नाहीत म्हणून, आणि कपाट उघडलं. नऊ नावं जागेवर होती. कोमल जिथे थांबली होती तिथूनच पुढे गेली.

पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचं गाळप संपलं, आणि टोळी निघाली. ट्रॅक्टरवर संसार भरत असताना कोमल शाळेत आली. तिच्या लॉगिनचा नंबर मी वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून दिला. तिने विचारलं, "पुढल्या साली आंबे न्हाई ना येणार?"

"नाही," मी म्हटलं. पण पुढल्या साली तिची टोळी कुठे जाईल ते मुकादम ठरवणार. तिच्या गावच्या शाळेत टॅब आहे की नाही मला माहीत नाही. पुठ्ठा पावसात टिकेल की नाही तेही माहीत नाही.

आता परत दिवाळी झाली आहे. काल रस्त्याने कोपीचं सामान भरलेल्या गाड्या गेल्या. मी प्रत्येक गाडीत बघितलं. कोमल दिसली नाही. माझ्या बदलीचं बोलणं चालू आहे, तेही तोंडीच. मी थकले आहे. भांडायचा मला कंटाळा आहे, माझा स्वभाव भांडखोर नाही.

आज सकाळी गुरुजी व्हरांड्यात म्हणाले, "बाई, ह्या सालाला मात्र गेस्टवरच हां."

मी पर्समधून कोरा कागद काढला आणि त्यांच्या पुढे धरला. असे खूप कागद मी आणून ठेवले आहेत. ही नोकरी आहे तोवर, कुठल्याही गावात, एकाही पोराला माझ्या हाताने गेस्टवर बसवणार नाही.

"लिहा," मी म्हटलं.