काजं करणाऱ्या फिशेलची लेक

ब्लूमेला सगळ्यात जास्त चीड कशाची असेल तर ती "मादामची बाई" या शब्दांची. सेकंड अव्हेन्यूवरच्या मासळीवाल्यापासून नाटक कंपनीच्या मालकापर्यंत सगळे तिला तेच म्हणत. मादाम म्हणजे ऑल्गा रोझेनस्टर्न, शोकनाटकांची राणी. तिच्या प्रयोगाला बायका दोन-दोन रुमाल घेऊन येत, पुरुष एकच आणून पस्तावत. ब्लूमे तिचे कपडे सांभाळी, केस विंचरी, प्रयोग संपला की पाय चेपी. असं अठ्ठावीस वर्षं. ती मादामची सख्खी धाकटी बहीण आहे हे मात्र अख्ख्या न्यूयॉर्कात कुणाला ठाऊक नव्हतं.

लपवण्याचं कारण ऐकलं तर तुमचंही डोकं फिरेल. मादामचं खरं नाव हिंदे. पहिली मोठी भूमिका गाजली तेव्हा वर्तमानपत्रवाल्याने विचारलं, तुम्ही कुणाच्या? बाईंनी ठोकून दिलं, मायदेशातल्या झाव्लिन गावच्या थोर धर्मगुरूची मी मुलगी, दंगलीत घरदार जळालं, मी तेवढी वाचले. घर कसलं जळतंय! बाप फिशेल इथेच न्यूयॉर्कात, लडलो स्ट्रीटला चौथ्या मजल्यावर कोटांची काजं करत धडधाकट बसला होता. त्यानेही ते वर्तमानपत्र वाचलं.

"काजं करत जगलो आणि धर्मगुरू होऊन मेलो," तो म्हणाला. "बढतीच झाली म्हणायची." मग दोन दिवस जेवला नाही.

ब्लूमे तणतणत रंगपटात गेली. हिंदे आरशासमोरून उठलीसुद्धा नाही.

"लोकांना अनाथ लागते गं. काजं करणाऱ्याच्या पोरीसाठी कोण रडतं?"

"मी रडते."

"तू तिकीट काढत नाहीस."

वर तिने ब्लूमेला कामही देऊ केलं. कारखान्यातल्या सुईने ब्लूमेच्या डोळ्यांची वाट लागली होती, आणि घरात म्हाताऱ्या बापाची औषधं होती. हिंदेने आईची शपथ घालून तिचं तोंड बंद केलं. ब्लूमेने ती शपथ घेतली, आणि त्याबद्दल तिने स्वतःला कधी माफ केलं नाही.

एकोणीसशे एकोणीस साली फिशेल खरोखरच गेला. आम्हा ज्यू लोकांत जवळचं माणूस गेलं की पुरण्याआधी उभं राहून गळ्यापाशी अंगावरचा कपडा फाडतात. आई, बाप, भावंडं, नवरा-बायको, मुलं, एवढ्यांनीच फाडायचा. इतरांचा तो हक्क नाही. अंत्यविधी करणारा लाइझर पातं घेऊन आला, त्याने ब्लूमेच्या कॉलरला चीर दिली. ब्लूमेने ती धरून छातीपर्यंत टरकावली, आणि तिच्या घशातून असा आवाज निघाला की तो आपलाच आहे हे तिला कळेना. हिंदे तोंडावर जाळी ओढून मागे उभी होती, कुणी दानशूर बाई आल्यासारखी. तिची कॉलर शाबूत होती.

पुढच्या हिवाळ्यात नवं नाटक बसलं. त्यात लेकाच्या मृत्यूवर आई कपडा फाडते असा प्रवेश होता.

"ब्लूमे," हिंदेने तालमीच्या दिवशी विचारलं, "त्या दिवशी तुझा हात आधी वर गेला की आवाज आधी आला?"

ब्लूमेच्या हातात कात्री होती. ती फेकून मारावी असं तिच्या अगदी मनात आलं. पण तिने करून दाखवलं. एकदा नाही, तीनदा. त्या एका आक्रोशावर मादामचं नाव शिकागोपर्यंत गेलं. आणि रोज दुपारी त्या प्रवेशातल्या काळ्या झग्याचा फाटलेला गळा ब्लूमे कच्च्या टाक्याने शिवत बसे, संध्याकाळी तो पुन्हा बरोबर आवाज करत फाटावा म्हणून. सोळा वर्षं ती बापाचं सुतक शिवत होती म्हणा ना.

छत्तीस सालच्या मार्चमध्ये मादाम न्यूमोनियाने गेली. शवपेटी रंगमंचावर ठेवली. गॅलरीपर्यंत माणूस ठासून भरलेला. चाहत्यांच्या मंडळाचे अध्यक्ष झायडमन, टोप्यांचे दुकानदार, सगळा कारभार बघत होते. ब्लूमेला त्यांनी नोकरमाणसांत, तिसऱ्या रांगेत बसवलं होतं.

लाइझर आता म्हातारा झाला होता. पातं काढून त्याने रिवाजाप्रमाणे विचारलं, "सख्खं कोणी आहे?"

"कुणी नाही," झायडमन गहिवरून म्हणाले. "सगळे झाव्लिनला जळाले. आम्हीच तिचे. माझा कोट फाड." आणि त्यांनी कॉलर पुढे केली. कोट जुना होता. फाडून घ्यायचा म्हणून मुद्दाम घालून आले होते शहाणे.

तो जुना कोट बघून ब्लूमेचं रक्त तापलं. ती उठून सरळ रंगमंचावर चढली.

"हात खाली घ्या, झायडमन. तुमचा काही संबंध नाही."

"ब्लूमेबाई, जागेवर बसा. तमाशा नको."

"तमाशा तुम्ही मांडलाय. मी तिची बहीण आहे. एका आईच्या पोटच्या आम्ही. लाइझर, तू मला ओळखतोस. माझ्या बापाला तूच पुरलंस."

लाइझरने डोळे बारीक केले. "फिशेलची तू. लडलो स्ट्रीट."

"फिशेलचीच. आणि ही पण."

लाइझरने आणखी काही विचारलं नाही. बहिणीसाठी फाडतात तशी त्याने उजव्या बाजूला चीर दिली. ब्लूमेने ती ओढली, आणि तो आवाज आला. त्या तालमीनंतर सोळा वर्षांत तिने तो स्वतःच्या तोंडून ऐकला नव्हता.

मग गॅलरीत कुणीतरी हुंदका देत म्हणालं, "अगदी मादामसारखं." दुसऱ्याने टाळी वाजवली. बघता बघता वरची अख्खी गॅलरी रडत टाळ्या वाजवू लागली.

"गप्प बसा, मेल्यांनो," ब्लूमे ओरडली. "ती माझ्यासारखं करायची."

झायडमन तिच्या कानाशी आले. "तू तिला पुन्हा मारलंस. धर्मगुरूची लेक होती ती. लोकांना काय सांगू आम्ही?"

"सांगा खोटं बोलत होती म्हणून. मीही बोलले."

प्रार्थना म्हणणारे हजान हातात मंडळाने दिलेला कागद घेऊन उभे होते. आमच्यात मेलेल्याचं नाव बापाच्या नावासकट घ्यावं लागतं. चुकीचा बाप सांगून प्रार्थना कशी करायची? त्यांनी एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा ब्लूमेच्या फाटक्या कॉलरकडे. कागद घडी करून खिशात घातला आणि मोठ्याने म्हटलं, हिंदे, फिशेलची कन्या.

वर कुजबुज सुरू झाली. माणसं एकमेकांना विचारू लागली, ही हिंदे कोण?

ब्लूमेने मान वर करून त्यांना सांगितलं.

"माझी थोरली बहीण."