तक्रार नसलेली इमारत

हॅलोताईंनी सगळी नोकरी लिफ्टच्या कंपनीत काढली. तक्रारीचा फोन उचलायचा, हे त्यांचं काम. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली माणसं त्यांच्याशी बोलत. कोणी रडे, कोणी शिव्या देई. ताई मेकॅनिक पाठवत आणि तो पोचेपर्यंत बोलत राहत. निवृत्त झाल्या, तरी अजून फोन उचलला की आधी विचारतात, "कुठून बोलताय?" नाव त्यांना आमच्या जिन्यातल्या लोकांनी दिलं. त्यांना ते आवडतं.

त्या आणि त्यांचे थोरले भाऊ तळमजल्यावर राहत. मी त्यांच्या डोक्यावर. दादा शाळेत क्लॅरिनेट शिकवायचे. दोघांनीही लग्न केलं नाही. "आम्हाला भांडायलाच दिवस पुरत नाही, त्यात तिसरं माणूस कशाला?" असं दादा म्हणत.

त्यांच्या खोलीच्या भिंतींना ओल होती. रंग पापड्यांसारखा सुटायचा. दादांची छाती भरू लागली. आधी क्लॅरिनेट पेटीत गेलं, मग जिने चढणं बंद झालं. शेवटी डॉक्टर म्हणाले, "मी औषध देतो आणि ती भिंत ते उतरवते. जागा बदला."

जुनी जागा विकून, साठवलेलं सगळं घालून, एकच घर घेता येणार होतं. तेही ओलं निघालं तर दादांना जायला दुसरीकडे कुठे नव्हतं.

दोन बिल्डर पसंतीला आले. वकिलांनी दोघांचे कागद तपासले. दोन्हीकडे सगळं चोख होतं. पहिल्याचं ऑफिस थंडगार. बसल्याबसल्या सरबत आलं. नमुन्याच्या घरात पलंगावर इतक्या उशा होत्या की झोपणार कुठे, हे कळेना. ताईंनी त्याचं नाव सरबतवाला ठेवलं. दुसऱ्याचं ऑफिस बांधकामावरच, पत्र्याच्या खोलीत. तिथे सरबताऐवजी हेल्मेट मिळालं.

"नवं घर सगळ्यांचंच छान दिसतं," ताई म्हणाल्या. "यांनी पूर्वी बांधलेली बघू. काढ तुझी स्कूटर."

सरबतवाल्याची जुनी इमारत चकाचक होती. ताईंनी मजल्यामजल्यावर बेल वाजवली. प्रत्येक दारात एकच उत्तर. छान आहे, काही तक्रार नाही. मी खूश झाले. घरी दादाही खूश झाले. "ठरलं तर मग," ते म्हणाले. "उद्याच बयाणा देऊन टाक."

ताईंनी नकारार्थी मान हलवली.

"आता काय झालं?"

"एवढी बिऱ्हाडं, आणि एकाचीही तक्रार नाही?"

"अगं बये, तेच तर हवंय ना आपल्याला!"

"आमच्याकडे एखाद्या इमारतीतून फोन यायचे थांबले, की साहेब आधी तिकडे माणूस पाठवायचे," ताई म्हणाल्या. "लिफ्ट कधीतरी अडतेच. फोन नाही म्हणजे लोकांनी नाद सोडलाय."

दादांनी माझ्याकडे पाहिलं. "जन्मभर तक्रारी ऐकल्या, आता हिला त्यांची तलफ येते."

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा तिथेच गेलो. या वेळी ताईंनी बेल वाजवली नाही. गच्चीवर एक बाई कपडे वाळत घालत होती. ताई तिच्या चादरीचं दुसरं टोक धरून उभ्या राहिल्या आणि बोलू लागल्या. भावाची छाती, ओली भिंत, डॉक्टर, सगळं सांगितलं. बाईचे हात थांबले.

"खालच्यांना सांगू नका हं, मी बोलले म्हणून."

"नाही सांगत."

"आमच्याकडे मीटिंगमध्ये ठरलंय. गळतीबद्दल बाहेर बोलायचं नाही. घरांचे भाव पडतात. दरवर्षी वर्गणी काढून बाहेरून रंग मारतो."

"आणि बिल्डर?"

"सुरुवातीला फोन केले. मग त्या नंबरवर नुसतं संगीत वाजायला लागलं." तिने चादरीला चिमटा लावला. "तुमच्या भावाला इथे नका आणू."

मी थक्क झाले. एवढ्या दारांत मी हसरे चेहरे पाहिले होते.

दुसऱ्या बिल्डरच्या जुन्या इमारतीत आम्हाला बेल वाजवावीच लागली नाही. खालीच बाकावर एक आजोबा बसले होते. घर बघायला आलोय म्हटल्यावर त्यांची गाडी सुटली.

"अजिबात घेऊ नका! माझ्या न्हाणीघराची भिंत गळाली. तो बुटका इंजिनिअर आला, भिंत फोडून गेला. परत गळाली. परत आला. पार धुरळा केला घरभर."

"आता गळते?"

"आता कशी गळेल? तिसऱ्यांदा सगळी फरशी उखडली त्याने! पण आता स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाणी येतं. बुधवारी येतोय बुटका. चांगला झापणार आहे."

"येईल?"

आजोबांना प्रश्नच कळला नाही. "न येऊन सांगतो कोणाला? येतोच."

ताईंनी हा बिल्डर निवडला. मला धक्काच बसला. दादांना राग आला.

"जिथे गळत नाही म्हणतात ते सोडायचं, आणि जिथे गळतं म्हणून सांगतात ते घ्यायचं? छाती माझी आहे, की तुझ्या कंपनीची?"

"तुझीच आहे, दादा. म्हणून तर."

दोन दिवस घरात बोलणं बंद. तिसऱ्या दिवशी ताईंनी दादांना समोर बसवलं आणि स्पीकर लावून दोन्ही ऑफिसांना फोन केला. "नवं घर नकोय, दुरुस्तीबद्दल बोलायचंय," एवढंच म्हणाल्या. सरबतवाल्याकडे गोड आवाजाने थांबायला सांगितलं आणि संगीत सुरू झालं. दादा ते बराच वेळ ऐकत राहिले. "सूरही धड नाही," ते म्हणाले.

दुसरीकडे खेकसल्यासारखा आवाज आला. "कुठली बिल्डिंग? ओल वरून उतरतेय की खालून चढतेय?"

"अजून घर घेतलेलं नाही," ताई म्हणाल्या.

"मग घेतल्यावर करा ना फोन!" त्याने फोन आपटला.

दादा म्हणाले, "उद्धट आहे." मग म्हणाले, "सही कुठे करायचीय?"

ती दोघं राहायला गेल्यानंतरचा पहिला पावसाळा सरत आला तेव्हा मी त्यांच्याकडे गेले होते. दादांच्या पलंगामागे, भिंतीवर तळहाताएवढा डाग होता. मी बोट लावून पाहिलं, ओला होता. दादा बाहेरच्या खोलीत सतरंजीवर बसले होते. ताईंकडे पाहत नव्हते.

"केलाय फोन," ताई म्हणाल्या.

बुटका इंजिनिअर संध्याकाळच्या आत आला. खरंच बुटका होता. त्याने बाहेरची बाजू बघितली, स्वतःच्याच गवंड्याला चार शब्द सुनावले, आणि म्हणाला, "धूळ उडेल. या आजोबांना चार दिवस दुसरीकडे हलवा."

दादा एकेक पायरी थांबत चढून वर माझ्या कोरड्या घरी राहिले. परत गेले तेव्हा त्या भिंतीचं प्लास्टर नवं होतं, रंग बाकी होता. पाऊस अजून पडत होता. दादांनी भिंतीवर हात ठेवला. मग गाल टेकवला.

"अगं, रंग कधी देणार, विचार त्याला," ते म्हणाले.

"तूच विचार. नंबर फोनपाशी आहे."

दादांनी नंबर फिरवला. पलीकडून आवाज आला तसे ताठ बसले आणि तक्रार सांगू लागले.