मळीत शिजलेलं बी

निमोण्यात बिबट्या दिसला की माणसं पत्र्याचं दार लावून घेतात. आमचे रोपवाले चाचा मात्र त्याला "हट्!" म्हणून पुन्हा रोपांच्या पिशव्या भरायला बसत. बिबट्या ओशाळून उसात परत जाई. हे मी डोळ्यांनी पाहिलंय; निदान शंभर जणांना तसं सांगितलंय. असा हा माणूस भ्यायचा फक्त वाळलेल्या बीला.

त्यातही पॅशन फ्रूटच्या. "हे बी फळातनं निघालं की मरायलाच लागतंय, लेका," म्हणायचे. गर वाळूत चोळून काढायचा, बी सावलीत निथळवायचं, लगेच बारीक वाळूत पेरायचं. उरलंसुरलं ओल्या फडक्यात, खिशात. नमाजाला उभं राहण्याआधी खिसा चाचपायचे.

त्या वर्षी चाचांच्या नर्सरीतला पॅशन फ्रूटचा मूळ वेल बुडातून सडला. त्या चवीचा दुसरा वेल चाचांनी कुठं पाहिला नव्हता. हाती राहिली शेवटची दोन फळं, आणि नेमकं तेव्हाच डोळ्याच्या ऑपरेशनसाठी त्यांना लेकीकडे दौंडला जावं लागलं. त्यांचं अर्धं बी पेरायला, अर्धं फडक्यात ओलं ठेवायला माझ्याकडे दिलं. "निस्ती वाळू, बरं का. तुझं डोकं त्यात मिसळू नगंस."

मी मिसळलं. साखर कारखान्यात रस गाळून उरलेल्या मळीवर आमचा ऊस ताडाएवढा होतो, मग वेलानं काय घोडं मारलंय? पेरायच्या पेटीत वाळू निम्मी, ताजी मळी निम्मी घातली. तिसऱ्या दिवशी पेटीत हात घातला तर चुलीसारखी धग. गावजेवणाचा चहा उकळला असता. बी उकरलं, ते बोटात चिरडलं. मग फडकं आठवलं. पत्र्याच्या खोलीत त्याचा पापड झाला होता.

"कसंय रे?" चाचांनी फोनवर विचारलं.

"झकास!" म्हणालो आणि फोन ठेवला.

चाचा आले. डोळ्याला हिरवी पट्टी. पेटीतली चिमूट नाकाशी नेली. "मळी?" ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चिमूट नुसती परत पेटीत टाकली.

"फडक्यातलं ऱ्हायलेलं?"

"वाळलं, चाचा."

"आन ते. वाळूत टाकू. उशिरा येईल, न्हाईतर येणारच न्हाई."

ताजं बी पंधरवड्यात वर येतं. हे महिनाभर गप्प. रोज सकाळी चाचा विचारत, "हाय का काही?" आणि मी "अजून नाही" म्हणे. दीड महिन्यानं एक कोंब दिसला.

"चाचा, उगवलं!"

"थापा मारू नगंस."

ऑपरेशन होऊनही त्यांना बारीक दिसत नव्हतं. त्यांचं बोट धरून मी कोंबापाशी नेलं. मोडू नये म्हणून अगदी हळू. बोट टेकलं. चाचांनी ते बराच वेळ काढलं नाही.

पुढं ते कायमचे दौंडला गेले, रोप माझ्या हवाली करून. रोज फोन, "पानं किती?" मी आयुष्यात पहिल्यांदाच दोनदा मोजून आकडा सांगू लागलो.

गेल्या महिन्यात चाचा गेले. फोन येत नाही, तरी सकाळी पानं मोजतो. काल सात होती. आज सहाच भरली, आणि मी गुडघे टेकून मातीत सातवं शोधत बसलो.