गॅलरीतल्या दोन खुर्च्या

मनोरमाकाकी डोळे मिटून बसली की आमच्या कॅफेतली पोरं माझ्याकडे बघायची. बाईला झोप लागलीये की चक्कर आलीये, त्यांना कळायचं नाही. मी म्हणायचे, तुमचं चॅटिंग करा गुपचूप, ती घरी गेलीये, येईल पाच मिनिटांत.

आणि ती खरंच घरी गेलेली असायची. फक्त ते घर भाईंदरमध्ये नव्हतं. कुठे होतं ते मी कधी विचारलं नाही.

ही गोष्ट दोन हजार सातची. माझ्या नवऱ्याने मोठ्या हौसेने केबिन रोडला सायबर कॅफे टाकला. सहा कॉम्प्युटर, एक प्रिंटर. मग स्वतः विम्याची नोकरी न सोडता मला काउंटरवर बसवलं. मला टायपिंग येत होतं आणि पोरांवर ओरडता येत होतं, तेवढ्यावर धंदा चालला. दुपारी दोन ते चार मात्र चॅटिंगवाली एखाद-दोन पोरं सोडली तर कुत्रं फिरकायचं नाही. समोरच्या साड्यांच्या दुकानावर ऊन पसरून पडलेलं असायचं, पंखा गरगरायचा आणि मी काउंटरवर डुलक्या काढायचे. त्या वेळेला काकी यायची.

काकी आमच्याच मजल्यावरची. मनोरमा साळवी. माहेर-सासर दोन्ही रत्नागिरीकडचं, एकुलती मुलगी लग्न होऊन चिपळूणला. बिल्डिंग जुनी, चौथा मजला, लिफ्ट नाही, घर म्हणजे वन रूम किचन. नवरा, सुभाषकाका, स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पॉलिशवर होता. दिवसभर त्या मशीनची घरघर ऐकून माणूस घरी आला की भिंतीला टेकून बसायचा. बोलणं म्हणजे ‘हं’ आणि ‘नको’. मधली भिंत एका विटेची, म्हणून मला माहीत. त्यांच्याकडून कुकरची शिट्टी ऐकू यायची, बातम्या ऐकू यायच्या, माणसांचा आवाज काही यायचा नाही.

सर्व्हेचं खूळ मीच तिच्या डोक्यात घातलं. नेटवर एक कंपनी प्रश्न विचारायची, साबण कुठला वापरता, चहा कुठला पिता. उत्तरं दिली की पॉइंट मिळायचे, आणि पॉइंट साठले की वस्तू घरपोच. वस्तूंची चित्रं होती. काकीने सगळी चित्रं निरखून बघितली आणि एका चादरीवर बोट ठेवलं. डबल बेडची, पांढरी, निळ्या फुलांची, वर दोन अभ्रे. मी म्हटलं, काकी, डबल बेड कुठाय तुमच्याकडे? काका खाटेवर झोपतात नि तुम्ही खाली. ती म्हणाली, असू दे गो, चादर तर येऊ दे.

प्रश्न इंग्रजीत असायचे. मी मराठीत सांगायचे, ती उत्तर द्यायची, मी क्लिक करायचे. पहिले पंधरा दिवस एकही सर्व्हे पुरा झाला नाही. फ्रिज आहे? नाही. वॉशिंग मशीन? नाही. वर्षभरात कुठे फिरायला गेलात? गणपतीला गावी. लगेच पडद्यावर यायचं, धन्यवाद, हा सर्व्हे तुमच्यासाठी नाही. काकी दर वेळी विचारायची, काय म्हणतायत? एके दिवशी माझं डोकं फिरलं. आधीच प्रिंटर बिघडलेला, गिऱ्हाईक भांडून गेलेलं, त्यात हिचं तेच तेच. मी फाडकन म्हटलं, तुमच्याकडे काही नाही, म्हणून त्यांना तुम्ही नकोत. आहे म्हणून सांगा ना, कोण येतंय बघायला?

बोलून गेले आणि जीभ चावली. काकीचा चेहरा एवढासा झाला. ती उठून गेली तेव्हा वाटलं, आता काही ही बया परत येत नाही. पण दुसऱ्या दिवशी दोनच्या ठोक्याला आली, पदर सारखा करून खुर्चीवर बसली आणि म्हणाली, विचार.

मी विचारलं, घरात फ्रिज आहे?

तिने डोळे मिटले. “थांब, बघून सांगते.”

मी थांबले. थोड्या वेळाने ती म्हणाली, आहे, दोन दरवाजांचा, स्वयंपाकघरात खिडकीच्या उजव्या हाताला. इतकं शांतपणे म्हणाली की मलाही तो तिथे दिसला.

त्या दिवसापासून ते घर वर यायला लागलं. रंगाच्या कंपनीने भिंतींचं विचारलं, तर ती आत जाऊन आली आणि म्हणाली, हॉलचा रंग कैरीच्या फोडीसारखा. मसालेवाल्यांनी मासे कुठे ठेवता विचारलं, तर फ्रिजच्या वरच्या कप्प्यात, बांगडे आणि सुरमई, आठवड्यातून चार दिवस. गाडी कोण धुतं? हे धुतात, रविवारी, लुंगी वर खोचून. कंपनी महालबाड होती, तीन महिन्यांनी तेच प्रश्न फिरवून विचारायची. काकी एकदाही चुकली नाही. तिला पाठ करायची गरजच नव्हती, ती जाऊन बघायची.

खरं सांगू, मीही तिच्याबरोबर जायला लागले. सर्व्हे संपला तरी मी उगाच विचारायचे, समुद्र दिसतो का हो काकी तिथून? ती डोळे न उघडता सांगायची, गॅलरीतून दिसतो, पण सगळा नाही, माडांच्या मधून तुकडा तुकडा. आम्ही दोघी त्या उन्हाच्या वेळेला गार वाऱ्यात बसलेल्या असायचो. चारला गर्दीचं पहिलं गिऱ्हाईक दार ढकलून आत आलं की मला त्याचा राग यायचा.

मग फर्निचरचा सर्व्हे आला. गॅलरीत बसायला काय आहे, किती आहे? काकीने डोळे मिटले आणि पहिल्यांदाच अडली. म्हणाली, हे ह्यांना विचारायला हवं. मी हसले. सुभाषकाका काय सांगणार, हं?

दुसऱ्या दिवशी काकी आली ती गालातल्या गालात हसत. रात्री जेवताना तिने काकांना सगळं सांगितलं होतं, फ्रिज, रंग, गाडी, सगळं. काका भात कालवत राहिले. तिला वाटलं, आता वैतागतील. बऱ्याच वेळाने म्हणाले, “दोन खुर्च्या ठेव. जास्त ठेवल्या की लोक येऊन बसतात.” आणि हात धुताना परत म्हणाले, वेताच्या घे, हिरव्या.

तेव्हापासून भिंतीपलीकडे आवाज यायला लागला. मी टीव्ही बारीक करून ऐकायचे, उगाच सोवळेपणाचा आव कशाला आणू? त्या घरातला नळ ठिबकतोय, वॉशर बदलायला हवा. दारात आंबा लावायचा की फणस, ह्यावर तर तीन दिवस वाद चालला. काका फणसावर अडून बसले होते. ज्या माणसाचा आवाज मला सहा वर्षांत धड माहीत नव्हता, तो फणसाची बाजू मांडत होता. ह्या घरात त्यांचं जे बोलणं बंद पडलं होतं, ते त्या घरात सुरू झालं होतं. काकीची चादर आता निमित्ताला उरली होती. तिला ते घर टिकवायचं होतं, बस.

आणि एप्रिलमध्ये मेल आला. तुमची उत्तरं फार उपयोगी पडतात, आमची प्रतिनिधी तुमचा फ्रिज आणि स्वयंपाकघर बघायला घरी येऊ इच्छिते. त्याचे इतके पॉइंट मिळणार होते की चादर एका फटक्यात आली असती. खाली बारीक अक्षरात होतं, भेट नाकारली तर सभासदत्व बंद होऊ शकतं. मी वाचून दाखवलं आणि काकी माझ्याकडे बघतच राहिली. नाही म्हटलं तरी घर जाणार आणि हो म्हटलं तरी जाणार. कोण येतंय बघायला, असं मीच म्हटलं होतं ना.

सुभाषकाकांनी साफ हात वर केले. भिंतीपलीकडून मी ऐकलं. “आपल्याकडे दोन खुर्च्या आहेत ना? मग तिसरी बाई कशाला?” काकी म्हणाली, नाहीतर सगळंच बंद करतील. त्यावर त्यांनी बातम्यांचा आवाज वाढवला.

मग आम्ही तेच केलं जे आमच्या बिल्डिंगला येतं. मुलगी बघायला पाहुणे येणार असले की अख्खा मजला कामाला लागतो, कुणाचे कप, कुणाचं सोफ्याचं कव्हर, कुणाचा फ्लॉवरपॉट. तसंच. माझ्याकडून पडदे गेले, वरच्या स्वप्नालीकडून काचेचं टीपॉय आलं. राहिला फ्रिज. मजल्यावर फ्रिज एकच, समोरच्या हंसाबेनचा. हंसाबेन म्हणजे देवमाणूस, पण पक्की जैन. ती म्हणाली, लेके जाओ, लेकिन उसमें मच्छी-अंडा कुछ मत रखना. आमच्यातलं कोण कशाला ठेवतंय? आम्ही चौघींनी तो फ्रिज पॅसेजमधून ढकलत आणला, तिच्या डब्याभांड्यांसकट, आणि काकीच्या खिडकीच्या उजव्या हाताला लावला. काकी दोन पावलं मागे सरकून त्याच्याकडे बघत राहिली. मला म्हणाली, शालू, जागा बरोबर आहे बघ.

प्रतिनिधी चारला येणार होती, आली सहाला. संचिता नाव, अंधेरीच्या ऑफिसातली, पंचविशीची मराठी मुलगी, चार जिने चढून घामाघूम. बरी होती बिचारी. आम्ही तिला पोहे दिले, वर खोबरं, बाजूला लिंबाची फोड. काकी नवऱ्या मुलीसारखी खाली बघून उत्तरं देत होती. बेड पॉलिशला गेलाय, असं मी मध्येच ठोकून दिलं. गाडी काका घेऊन गेलेत. सगळं सुरळीत चाललं होतं.

मग तिने फ्रिज उघडला. आत दही, छुंद्याची बरणी, दुधीभोपळा आणि धुऊन ठेवलेली कोथिंबीर. वरचा कप्पा उघडला, तिथे नुसता बर्फ. तिने हातातला कागद बघितला, परत बर्फ बघितला. म्हणाली, मावशी, तुम्ही आठवड्यातून चार दिवस मासे खाता ना? इथे तर वाससुद्धा नाही. आणि हे दारावर तीर्थंकरांचं चित्र?

आम्ही पडदे, कप, टीपॉय सगळं जुळवलं, आणि कोकणातल्या बाईच्या स्वयंपाकघरात जैनाचा फ्रिज आणून ठेवला. मी काहीतरी थाप मारणार, तेवढ्यात दारात हंसाबेन. सूर्य बुडायच्या आत तिला जेवायचं असतं, आणि ती दोन तास पॅसेजमध्ये येरझाऱ्या घालत असणार. ती चपला काढून आत आली, कुणाकडे न बघता फ्रिज उघडून दह्याचं भांडं काढलं आणि हळूच म्हणाली, माफ करना मनोरमाबेन, सूरज जा रहा है. आणि गेली.

मग काकीने मान वर केली.

“बाय, फ्रिज तिचा आहे. पडदे हिचे आहेत. तुला लिहून दिलं ते घर माझंच आहे, पण ते इथे नाही.”

संचिताने पेन खाली ठेवलं. तिने विचारलंही नाही, मग कुठे आहे. पोहे मात्र तिने संपवले, काकीच्या पाया पडली, आणि दारात मला म्हणाली, मला हे कळवावं लागेल हो ताई, माझीही नोकरी आहे. मी तिच्यावर भडकले नाही. भडकायचं तर माझ्या स्वतःच्या जिभेवर होतं.

चौथ्या दिवशी मेल आला, खातं बंद, पॉइंट रद्द. काकीला सांगायला मला तिच्या दारापर्यंत जाववेना. शेवटी तीच पॅसेजमध्ये भेटली, माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, गेलं ना? मी मान हलवली. त्यानंतर ती दुपारची आली नाही. दोन वाजले की मी रिकाम्या खुर्चीकडे बघायचे आणि मला रडू यायचं. भिंतीपलीकडे पुन्हा कुकर आणि बातम्या.

आठ दिवसांनी तिची घावन्यांची ताटली परत द्यायला गेले. संध्याकाळची वेळ, दार उघडंच होतं. सुभाषकाका नुकतेच आलेले, पॉलिशने काळे झालेले हात मोरीत घासत होते. काकी पाठमोरी, पीठ मळत होती. मी हाक मारणार, तेवढ्यात काका मोरीतूनच म्हणाले,

“गॅलरीतल्या खुर्च्या आत घेतल्यास का? ऊन लागतं दिवसभर. रंग जाईल.”

काकीचे हात थांबले. मग म्हणाली, “घर बंद केलं ना त्यांनी.”

“त्यांचे पॉइंट होते, ते नेले त्यांनी,” काका म्हणाले. “खुर्च्या मी सांगितल्या होत्या.”

ते पंच्याला हात पुसत बाहेर आले आणि भिंतीला टेकून बसले, रोजच्या जागी. काकी वळली. पिठाचे हात तसेच मांडीवर ठेवून ती त्यांच्या शेजारी बसली आणि तिने डोळे मिटले. मी उंबऱ्याबाहेर ताटली धरून उभी.

“थांबा,” ती म्हणाली, “बघून सांगते.”

ताटली घेऊन मी तशीच परत आले. ती देणं काय, उद्याही झालं असतं.