एक आडवी रेघ, बाजूस सही

राव सारांना व्हाइटनरचा वास लांबूनही यायचा. इरुंगाट्टुकोट्टैच्या आमच्या कारखान्यात, गाड्यांचे पोलादी बुश, म्हणजे छोट्या पोकळ नळ्या, मोजायच्या खोलीत, कुणी ती छोटी बाटली उघडली की पार पलीकडच्या टेबलावरचे सार मान वर करत. ओरडत नसत. नुसते शेजारी येऊन उभे राहत, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. नियम एकच. चुकलेला आकडा झाकायचा नाही. त्यावर एक आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता येईल अशी, आणि बाजूला सही, तारीख.

मी तिथे लागले तेव्हा बावीस वर्षांची होते. भौतिकशास्त्राची पदवी दुसऱ्या वर्षात दोनदा नापास होऊन सोडली होती. रेल्वेतले माझे बाबा साताऱ्याच्या नातेवाइकांना अजून "शिकतेय" असंच सांगत होते. राव सार आमचे वरिष्ठ, तंजावरकडच्या मराठी घरातले. त्यांची मराठी काही पिढ्या जुनी आणि चाल तमिळ. मी मराठी आहे म्हटल्यावर ते माझ्याशी हट्टाने मराठीतच बोलू लागले. माझी मराठी त्यांना गमतीची वाटे आणि त्यांची मला, त्यामुळे हिशेब बरोबरीत सुटला.

पहिल्याच महिन्यात मी एका आकड्यावर व्हाइटनर लावलं. सारांनी तो कागद खिडकीच्या काचेवर धरला. उजेडात खालचा आकडा ढळढळीत दिसला.

"कसाला झाकतेस, अम्मा? रेघ मार, बाजूस सही घाल. चूक तुझीच की, दुसऱ्याची नव्हे."

मग सगळे बुश पुन्हा मोजायला लावले. स्वतः शेजारी बसून एकेक बुश पुसून हातात देत राहिले. दोघांचीही कंपनीची बस चुकली. परत येताना सरकारी बसमध्ये उभ्याउभ्या त्यांनी मला विचारलं, सकाळी मोजलेला बुश दुपारी किंचित मोठा का भरतो? उष्णतेने धातू प्रसरण पावतो, मी पाठांतर म्हणून दाखवलं. "ते झालं. पण कसाला?" हा त्यांचा लाडका शब्द. त्या "कसाला"मागे जाता जाता मी जुनी पुस्तकं पुन्हा उघडली, आणि जो विषय माझा वैरी झाला होता तो हळूहळू माणसात आला. हे ऋण त्यांचं, दुसऱ्या कुणाचं नाही.

नवरात्रात त्यांच्या अड्यारच्या घरी बाहुल्यांचा कोलू मांडत, तेव्हा मला बोलावणं असे. दारावर पितळी पाटी होती. नाव, आणि पुढे बी.एस्सी. दोनदा नापास झालेल्या माणसाला असल्या पाट्या फार लवकर दिसतात.

चार वर्षांनी मी जर्मनीतल्या एका विद्यापीठात पुन्हा पहिल्या वर्षापासून पदवी करायला अर्ज भरायला घेतला. त्यात एक प्रश्न होता: यापूर्वी विद्यापीठात शिकला आहात का? मामेभाऊ म्हणाला, नाही लिही, तिथून कोण बघायला येतंय! मलाही ते पटत चाललं होतं. नापासाचे कागद जोडले आणि त्यांनी नाकारलं, तर पुन्हा हिंमत होणार नव्हती. जेवणाच्या सुट्टीत मी सारांना विचारलं. ते म्हणाले, "एक रेघ, अम्मा. बाजूस सही."

मी चिडले. "तुम्हाला सांगायला सोपं आहे, सार. तुमच्या दारावर बी.एस्सी. लिहिलंय."

सारांनी अर्धा राहिलेला दहीभात तसाच ठेवून डबा बंद केला. दुसऱ्या दिवशी ते नेहमीसारखेच कामाचं बोलले. माफी मागायचं माझ्या मनात होतं, पण धीर झाला नाही. आणखी तीन दिवस अर्ज तसाच पडून होता. "नाही"वर बोट नेलं की काचेवर धरलेला तो कागद दिसे. शेवटी "होय" लिहिलं, दोन्ही नापासाच्या गुणपत्रिका जोडल्या आणि पाठवून दिलं.

प्रवेश मिळाला. जुना एकही गुण धरला नाही. आज इथे मी एकोणीस वर्षांच्या मुलांशेजारी बसते, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

निघायच्या आदल्या दिवशी मी अड्यारला गेले, माफी मागायची ठरवूनच. दारातच थबकले. पाटीवरच्या बी.एस्सी.वर काळ्या रंगाची एक आडवी रेघ होती.

मामींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, दार उघडलं. मी कुठे बघतेय ते त्यांनी ओळखलं. आमच्या लग्नपत्रिकेत वडिलांनी यांची डिग्री छापली, त्या म्हणाल्या, निकाल यायचा होता. निकालात हे एका पेपरात गेले, तोवर पत्रिका वाटून झाल्या होत्या. पाटी आहेरात आलेली. छत्तीस वर्षं कुणी काही बोललं नाही. आता आल्यागेल्याला काय सांगू?

आतून सार आले. मी वाकून नमस्कार केला. माफी झाली ती तेवढीच.

"जा, अम्मा," ते म्हणाले. "सावकाश मोज."

चपला घालताना मी पाटी पुन्हा पाहिली. रेघेखालची अक्षरं स्वच्छ वाचता येत होती. बाजूला सारांची सही होती आणि तारीख. मी चिडून बोलले त्याच्या दुसऱ्याच दिवसाची. माझा अर्ज तेव्हा घरी तसाच पडून होता.