वीस टक्क्यांचं बिऱ्हाड

कोल्हापूर जिल्ह्यातल्या मलकापूरच्या पुढं, डोंगराच्या अंगाला असलेल्या एका गावातल्या हायस्कूलमध्ये मी सायन्स शिकवायला गेलो, तेव्हा वाटलं होतं की वर्षभरात चार पैसे साठतील. पैसे साठले नाहीत. किस्से साठले! त्यांना कपाट लागत नाही की लॉकर लागत नाही. कुणी चहाचा कप पुढं केला की आपोआप बाहेर पडतात, आणि एक सांगायला घेतला की मागचा ढकलाढकली करायला लागतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. मी कोल्हापूरचाच. राजारामपुरीतल्या एका कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचो. क्लास बंद पडला, पण आमच्या फ्लॅटचं भाडं काही बंद पडेना. तेवढ्यात ही गावची नोकरी मिळाली. शाळा अंशतः अनुदानित, म्हणजे सरकारकडून पगार यायचा तो वीस टक्के. उरलेला पुढच्या टप्प्यात येणार होता, आणि पुढचा टप्पा नावाप्रमाणे कायम पुढंच असायचा.

माझी बायको वैशाली पुण्याची. तिनं निघतानाच सांगितलं, "एक वर्ष. मे महिन्यापर्यंत जमलं तर ठीक. नाहीतर दादा पुण्यात तुझ्यासाठी नोकरी बघतोय, तिकडं जायचं. मुलीचे हाल मला चालणार नाहीत." मुलगी चार वर्षांची. अट रास्त होती, मी मान डोलावली. त्यामुळं पुढचं सगळं त्या एका वर्षातलं आहे. भिंतीवर कॅलेंडर होतं आणि वैशाली दर महिन्याचं पान जरा जोरातच उलटायची.

*

पहिल्या दिवशी पाटील हेडसरांना भेटलो. हा माणूस पहाटे उठून दोन म्हशींच्या धारा काढतो, वैरण टाकतो, शेतावर एक चक्कर मारतो आणि मग शाळेत येतो. आमची प्रार्थना सुरू होते तेव्हा त्यांचा निम्मा दिवस संपलेला असतो.

त्यांनी पगाराचा आकडा सांगितला. मी दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग धीर करून म्हणालो, "सर, एवढ्यात भागतं?"

"न्हाय की!"

"मग तुम्ही सगळे..."

"पगारात भागत न्हाय, सर," हेडसर म्हणाले, "गावात भागतंय."

मला वाटलं, माणूस थट्टा करतोय.

*

घर मिळालं ते आक्कांचं. वय सत्तरच्या आसपास, दोन्ही मुलं मुंबईला. स्वतःच्या घराला लागून त्यांच्या दोन पत्र्याच्या खोल्या रिकाम्या होत्या. राजारामपुरीत आमचा घरमालक डिपॉझिट, अकरा महिन्यांचं अॅग्रीमेंट, पाहुणा आला तर तो किती दिवस राहणार, सगळं लिहून घ्यायचा. त्या सवयीनं मी मलकापुरातून स्टँप पेपर घेऊनच गेलो होतो.

आक्कांनी भाड्याचं नाव काढलं नाही. "लाईटबिल तेवढं भरा. सांजच्याला खोलीत दिवा दिसला की झालं. बंद घराकडं बघवत न्हाय."

मी म्हणालो, "आक्का, तरी पण कागद केलेला बरा."

"कशापायी?"

"म्हणजे उद्या काही कमी-जास्त झालं तर..."

आक्कांनी मला खालून वरपर्यंत न्याहाळलं. "मास्तर, ह्या वयात मी घर टाकून पळून जाणार हाय व्हय?"

तो कोरा स्टँप पेपर पुढं मुलीनं रंगवला. त्यावर एक हत्ती आहे.

*

आता वैशालीची चूक. खरं तर आमची दोघांची.

गेल्या-गेल्या आठवडाभरात दारात भाजी यायला लागली. कुणी पातेल्यातून वांगी आणून देई, कुणी डब्यातून घेवडा, कुणी वाटीभर दही. वैशाली भांडं घासूनपुसून लख्ख करायची आणि त्याच दिवशी परत देऊन यायची. शहरातली पद्धत, दुसऱ्याचं भांडं ठेवून घ्यायचं नाही. दुसऱ्या आठवड्यात भाजी कमी झाली. तिसऱ्या आठवड्यात बंद.

आमच्या गणिताच्या चौगुले मॅडम उचगावच्या. आठवडाभर गावात खोली करून राहायच्या, शनिवारी घरी जायच्या. जैन असल्यामुळं त्या सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, आणि त्यांच्या कृपेनं आमच्या शाळेतली एकही मीटिंग कधी लांबलेली नाही. त्यांनी एकदा मला बाजूला घेतलं.

"सर, वहिनी भांडं रिकामं परत करतात म्हणं."

"रिकामं म्हणजे? घासून करते!"

"तेच तर. रिकामं भांडं परत केलं की त्याचा अर्थ होतो, पुन्हा देऊ नका. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालायची."

आम्ही दोघं पंधरा दिवस अख्ख्या गावाला 'पुन्हा देऊ नका' असं सांगत हिंडत होतो! वैशालीला इतकं वाईट वाटलं की तिनं त्याच दिवशी शिरा करून सात घरी वाटला. दुसऱ्या दिवशी सातही भांडी भरून परत आली. त्या महिन्यात आम्ही भाजी विकत घेतली नाही. साखर मात्र वारेमाप लागली.

मला तरी अवघडल्यासारखं व्हायचं. ही माणसं काही आमच्यापेक्षा श्रीमंत नव्हती, बरीचशी तर आमच्यापेक्षा तंगीत होती. एकदा आक्कांना मी तसं बोलून दाखवलं. त्या हातात दुधी भोपळा घेऊन उभ्या होत्या.

"मग काय ह्यो एक भोपळा घिऊन मलकापूरला जाऊ? वडापचा जीपवाला जाऊन-यिऊन जेवढं भाडं घील, तेवढं भोपळ्याचं तरी येत्यात का? धरा."

मी धरला.

*

आमच्या इंग्रजीच्या मुल्लाणी सरांकडं एक निळा कोट आहे. त्यांच्या लग्नातला. सर सहा फुटांच्या वर, अंगानं भरदार. स्टाफमध्ये कोट असलेला हा एकमेव माणूस, त्यामुळं कोट सार्वजनिक झालेला. मुलगी बघायला जायचं असो, इंटरव्ह्यू असो की पाहुण्यांकडचं रिसेप्शन, कोट मुल्लाणी सरांच्या घरून निघतो आणि इस्त्री होऊन परत येतो.

त्या वर्षी संस्थेनं फर्मान काढलं की नवीन आयकार्डासाठी कोटातले फोटो द्या. आम्ही पाच पुरुष एकाच दिवशी मलकापूरला गेलो. आधी मुल्लाणी सर, मग तोच कोट माझ्या अंगावर, मग पुढच्याच्या. हेडसर उंचीनं बेताचे. त्यांना मागून सेफ्टी पिना लावून आवळलं, तेव्हा ते कुठं कोटातून दिसायला लागले.

फोटोग्राफर पाचव्यांदा कॅमेऱ्यात बघत म्हणाला, "सर, शेवटला एक फोटो नुसत्या कोटाचा काढू काय? सगळ्यात सीनिअर त्योच दिसतोय."

*

शाळेत लॅब आहे असं कागदावर होतं. प्रत्यक्षात एक कपाट होतं आणि त्यात एक फुटकी परीक्षानळी. मी हौसेनं साहित्याची लांबलचक यादी करून हेडसरांना दिली. त्यांनी यादी वाचली, घडी करून खिशात घातली आणि आठवड्याभरात लॅब भरली. जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक आलं. एका आजोबांचा जुना चष्मा भिंग म्हणून आला. सोनाराकडचा जुना तराजू आला. घनता शिकवायला दूध डेअरीतला लॅक्टोमीटर आला आणि त्याच्यासोबत डेअरीतल्या आणखी चार वस्तू.

तपासणीला साहेब आले तेव्हा दुपार होती. लॅब बघून खूश झाले. "पाटील, एवढ्याशा गावात एवढं साहित्य! कौतुक आहे."

"साहेब, दुपारी आला म्हणून," हेडसर म्हणाले. "सकाळी आला असता तर निम्मी लॅब डेअरीत असती."

साहेबांनी शेऱ्यात काय लिहिलं ते आम्हाला कळलं नाही, पण जाताना ते हसत होते.

*

हा किस्सा लहानच आहे, आणि त्यात हसण्यासारखं फारसं नाही.

जानेवारीत पगार आला नाही. फेब्रुवारीतही नाही. मी वैशालीला न विचारता मुलीचं दूध अर्ध्यावर आणलं. दूध हेडसरांच्या घरचंच असायचं. दुसऱ्या दिवशी तांब्या नेहमीइतकाच भरून आला. मला वाटलं, चुकून आला असेल. तिसऱ्या दिवशीही तेच. मी स्टाफरूममध्ये हेडसरांना गाठलं आणि म्हणालो, "सर, मी निम्मं सांगितलं होतं."

ते हजेरीपटावर सही करत होते. मान वर न करता म्हणाले, "डेअरीला दूध घालताना फॅट बघत्यात, डिग्री बघत्यात. पोरीला घालताना काय बघायचं असतंय?"

त्या दिवशी माझा तास नीट झाला नाही. मी मुलांना धडा वाचायला लावला आणि खिडकीशी उभा राहिलो. मला लाज वाटत होती आणि फार बरंही वाटत होतं, दोन्ही एकदम.

घरी येऊन वैशालीला सांगितलं. मार्चचं पान उलटताना मात्र आवाज झाला नाही.

*

आता शेवटचा.

त्याआधीच्या जुलैमध्ये, आम्ही नवीन असताना, भाताच्या रोप लागणी सुरू झाल्या होत्या. आक्का वैशालीला म्हणाल्या, "नुसतं बसून काय करतासा, चला बघायला." वैशाली बघायला गेली आणि संध्याकाळी गुडघ्यापर्यंत चिखलात भरून आली. दुसऱ्या दिवशीही गेली. असे आठ दिवस, आठजणींच्या शेतात. त्यात आक्का होत्या, हेडसरांच्या मंडळीही होत्या. कंबर मोडली म्हणून रोज कण्हायची आणि सकाळी पुन्हा डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ घेऊन निघायची.

या कामाला तिकडं मजुरी नसते. पैरा असतो. आज मी तुझ्या शेतात एक दिवस, उद्या तू माझ्या शेतात एक दिवस. दिवसाला दिवस. पण वैशालीला शेतच नव्हतं! आठ बायकांच्या अंगावर तिचा एकेक दिवस राहून गेला. दिवाळीत त्या फराळाला हात लावायला आल्या, तर ती करून मोकळी झालेली. उन्हाळ्यात पापड लाटायला आल्या, तर सासूबाईंनी पुण्याहून पापड पाठवलेले. आक्का अधूनमधून तोंडावर म्हणायच्या, "वैनी, कायतरी काम काढा की. पैरा अंगावर ठिऊन झोप लागत न्हाय."

मे उजाडला. मेव्हण्यानं पुण्यात एका मोठ्या क्लासमध्ये माझं पक्कं केलं. पगार इथल्यापेक्षा कितीतरी पट. शाळेचा पुढचा टप्पा तिथंच होता, पुढं. वैशालीनं विचारलं, "जायचं ना?" मी हो म्हणालो. मी हो म्हणताना ती माझ्याकडं बघत नव्हती. हेडसरांना सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "पोरीचं बघाय पायजे. जावा." आक्कांनी तर काहीच विचारलं नाही.

रविवारी सकाळी टेंपो आला. त्याच्या मागोमाग पदर खोचून आठही बायका आल्या.

"आज तुमचं काम हाय म्हणून कळलं," आक्का म्हणाल्या. "सांगा, काय काय घालायचं?"

अर्ध्या तासात घर टेंपोत गेलं. कॉट, गॅस, कपाट, पुस्तकांची पोती. मला कशालाही हात लावू दिला नाही. मुल्लाणी सर दोरी आवळत होते. चौगुले मॅडमनी मुलीला कडेवर घेतलं होतं आणि तिला उगाचच पाढे म्हणायला लावत होत्या. रहा असं एकही माणूस म्हणालं नाही. कुणी म्हणालं असतं तर मला रडू आलं असतं.

वैशाली केबिनमध्ये चढून बसली. खोली झाडून आक्का बाहेर आल्या, हात झटकले आणि मोठ्यानं म्हणाल्या, "वैनी, पैरा फिटला. आता आमच्या अंगावर काय न्हाय. निवांत जावा."

ड्रायव्हरनं टेंपो सुरू केला. वैशालीनं त्याला हातानं थांबवलं आणि खाली उतरली.

"आक्का," ती म्हणाली, "हे सगळं परत खाली उतरवायचं म्हटलं तर?"

आक्कांनी सातजणींकडं एकदा बघून घेतलं. "उतरवू की. पण मग आमचं आठ दिस तुमच्या अंगावर चढत्यात."

वैशालीनं ओढणी कमरेला गच्च बांधली.

"यंदा लागण कवा धरायची?"