समुद्रगाय आणि अर्धा कोयता

गावात आता माझी ओळख 'समुद्रातली गाय सोडवणारा फौजी' अशी आहे. रजेवर आलो तेव्हा पारावर शाल-नारळ देऊन माझा सत्कार झाला. भाषण करणाऱ्याने समुद्र कधी पाहिला नव्हता, पण त्याने त्या गाईला शिंगं, शेपूट आणि तेहतीस कोटी देव सगळं बहाल केलं. मी गळ्यात हार घालून दात आवळून ऐकत होतो. पहिल्या रांगेत माझे वडील, आबा, टाळ्या वाजवत होते. मला राग आला तो त्या टाळ्यांचा.

आमची तुकडी तेव्हा अंदमानातल्या एका लहान बेटावर होती. आमच्या दुष्काळी पाटोद्याकडच्या माणसाला एवढं पाणी म्हणजे उधळपट्टीच वाटते. मी पोहायला शिकलो विहिरीत, पाठीला डबा बांधून, आणि तेसुद्धा विहिरीला पाणी असायचं त्या दिवसांत.

खंडेनवमी होती. सकाळी आम्ही बंदुकांची पूजा केली आणि दुपारी होडीने किनाऱ्याच्या गस्तीला निघालो. एका ठिकाणी फाटकं जाळं तरंगत होतं आणि त्यात काहीतरी राखाडी, धिप्पाड असं धडपडत होतं. नावाडी तिथलाच. तो म्हणाला, समुद्रगाय आहे. ही समुद्राच्या तळाचं गवत चरते, पण श्वासाला तिला वर यावं लागतं. जाळं तिच्या मानेला आणि पुढच्या पंखाला आवळलं होतं, दुसरं टोक खडकात अडकलं होतं. बाजूला तिचं वासरू गोल गोल फिरत होतं.

कमरेला दोर बांधून, हातात सुरा घेऊन मी उडी मारली. जाळं कापायचं कसं हे मला कुणी शिकवलं नव्हतं, हाताला ठाऊक होतं. ऊस तोडतात तसंच. मुठीत धरायचं, ताण द्यायचा, बुडातून ओढायचं. लहानपणी सुट्टीत आई-आबांबरोबर फडात जायचो, तिथली ती सवय. गाईने एक तडाखा दिला आणि मी पाठीवर खडकावर आपटलो. पाठ सोलून निघाली. तेवढ्यात माझाच पाय त्या जाळ्यात गुंतला. खारं पाणी पोटात गेलं आणि आता संपलं असं वाटलं. सोबत्याने दोर ओढून मला वर काढलं. मी दम घेतला आणि पुन्हा खाली गेलो, कारण ते वासरू काही हटत नव्हतं. शेवटचा पीळ तुटला तशी ती वर आली आणि डोहातून निघालेल्या म्हशीसारखी मोठ्यांदा फुरफुरली. वासरू तिच्या कुशीला लागलं आणि दोघं खोल पाण्यात गेली. इतका आनंद मला फौजेत भरती झालो त्या दिवशीही झाला नव्हता.

सोबत्याने मोबाईलवर काढलेला व्हिडिओ संध्याकाळी घरी पाठवला. पाठीचं सांगितलं नाही. आमच्या घरची रीतच तशी आहे. मी वाईट कळवायचं नाही आणि ड्यूटीवरच्या माणसाला त्यांनीही वाईट कळवायचं नाही. आजी गेली तेव्हा मला तेराव्यानंतर समजलं.

मला हे खरं तर सांगायचं होतं बहिणीला, आमच्या बाईला. ती बारावीला होती, सायन्सला, आणि पुढे तिला नर्सिंग करायचं होतं. ती गाय रवंथ करते का, दूध देते का, असलं तीच विचारणार. आई-आबा ऊसतोडीला जायचे तेव्हा आम्ही दोघं वसतिगृहात वाढलो. भरती झालो त्या दिवशीच मी आबांना सांगितलं होतं, आपल्या घरातला कोयता आता बंद, आणि हिच्या हातात तो कधी यायचा नाही. आबांनी मान हलवली आणि कोयता खिळ्याला टांगला. तेव्हापासून तो फक्त खंडेनवमीला खाली उतरतो.

त्या संध्याकाळी आईनेही पूजेचा फोटो पाठवला. हळद-कुंकू, झेंडूची फुलं आणि कोयते दोन. एकाची मूठ नवी कोरी होती.

मी फोन लावून आईला विचारलं, "ह्यो दुसरा कुणाचा?"

"पाव्हण्याचा हाय. पूजेला ठिवलाय."

"बाईला फोन दे."

"ती मावशीकडं गेलीय, नांदूरघाटाला. तिकडं रेंज न्हाई."

पुढे कधी ती झोपलेली असायची, कधी नारायणगडाला दर्शनाला गेलेली. दिवाळी झाली. मग एका दुपारी अनोळखी नंबरावरून फोन आला. मागे ट्रॅक्टरचा आवाज होता.

"दादा, मी हाय. फडावरून बोलतेय. लगीन झालं माझं. आईनं शपथ घातलती, तुला सांगू न्हाई म्हणून. माणूस चांगला हाय, दादा."

आमच्याकडे कोयता म्हणजे नुसतं हत्यार नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता. मुकादमाला टोळीत जोड्या हव्या असतात, म्हणून हंगामाच्या तोंडावर पोरांची लग्नं उरकतात. मुहूर्त नसला तरी चालतो, देवळात हार घातले की झालं. कुणाचातरी अर्धा कोयता पुरा करायला माझी बहीण गेली होती.

"आन त्यो फोटोतला कोयता?"

"माझाच. आबांनी घिऊन दिला."

लगेच तिनेच विचारलं, "ती गाय सुटली का रं? आईनं अर्धाच दाखवला व्हिडिओ."

"सुटली."

"आन वासरू?"

"तेबी. आईसंगं गेलं."

"बरं झालं," ती म्हणाली. "मोळ्या बांधायच्यात, गाडी आलीय. ठिवते."

मी तेव्हाच आबांना फोन लावला. ते म्हणाले, "स्थळ हातचं गेलं असतं. तुला सांगितलं असतं तर तू मोडलं असतंस." हो, मोडलंच असतं. "तू कावून डोक्याला तरास करून घेतो? तू देशाचं बघ," म्हणाले आणि लगेच त्यांनी व्हिडिओचं विचारलं. बाजारात सगळ्यांना दाखवला होता म्हणे. देशाचं बघायला मला समुद्रापलीकडे धाडलं आणि घरचं बघायला कुणी उरलं नाही, असं मला त्या दिवशी वाटलं. अजूनही वाटतं.

तर तो सत्कार. हंगाम चालू होता, म्हणून पारासमोर म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरंच होती. जोड्या सगळ्या फडावर होत्या. आबा उठून म्हणाले, "पोरानं जीव धोक्यात घालून मुक्या जनावराला सोडवलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मला दोन शब्द बोलायला सांगितलं.

मी आबांकडे बघून म्हणालो, "ती गाय होती, म्हणून सुटली."

लोकांनी त्यालाही टाळ्या वाजवल्या. आबांनी मात्र वाजवल्या नाहीत.